कावळ्याला पसंत पडेल अशी शेड

३ फेब्रुवारी २०२४

अमोलने पुण्याला परत जाताना ही डायरी हातात ठेवली. म्हणाला, बाबा, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटेल. माझ्या मनात काही नाही. कागद चांगला आहे, वाया जाऊ नये म्हणून लिहितो.

उज्वला जाऊन दोन आठवडे झाले. मी ठीक आहे.

४ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. एक तांत्रिक बाब फक्त नोंदवून ठेवतो. दशक्रियेला कावळा शिवला नाही.

गावाला, दारणेच्या काठी, दशक्रियेची पत्र्याची शेड आहे. तिथे विधी झाला. पिंड दगडावर ठेवला आणि सगळे मागे सरकले. शेजारच्या करंजाच्या झाडावर कावळे बसलेले होते. मोप होते. त्यांनी पिंडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बसून राहिले. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा येत नाही, कोणीतरी मोठ्याने शब्द द्यावा लागतो. अमोल म्हणाला, आई, मी वर्षाच्या आत लग्न करतो. उज्वलाची धाकटी बहीण ललिता म्हणाली, ताई, दाजींच्या जेवणाचं मी बघते. सरपंच पुंजाराम यांनी माइकवरून नदीपर्यंतचा रस्ता काँक्रीट करून देण्याचं जाहीर केलं. कावळे हलले नाहीत.

मग ललिता म्हणाली, "दाजी, तुम्ही बोला काहीतरी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलणारच होतो. मुद्द्यांची जुळवाजुळव चालू होती. तेवढ्यात गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावून टाकला. त्यांना पुढे पळशाला दुसऱ्या दहाव्याला जायचं होतं.

एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या थर्मलला राख काढायच्या प्लांटमध्ये नोकरी केली. तिथे मशीनच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू जात नसे. त्यामुळे बोलायची सवय राहिली नाही. यात माझा दोष नाही.

६ फेब्रुवारी

कारण सापडलं. दोष शेडचा आहे.

निळा पत्रा, उन्हात चकाकतो. वर दोन भोंगे. त्यातून आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. उज्वलाला ओळखतही नव्हते असे पाच जण बोलले, एकाने तिला उज्वलाताईच्या ऐवजी उत्तमराव म्हटलं. अशा ठिकाणी कोणता कावळा येईल? एखादी यंत्रणा चालत नसेल तर आधी आजूबाजूची परिस्थिती तपासायची, हे मी ट्रेनी इंजिनिअरना शिकवत असे. म्हणजे शिकवायचं मनात असे.

निर्णय: उज्वलाच्या स्मरणार्थ गावाला नवी शेड बांधून द्यायची. फंडाचे पैसे पडून आहेत. वर्षश्राद्ध तिथेच करायचं. कावळा येईल. हा भावनेचा विषय नाही, डिझाइनचा विषय आहे.

११ फेब्रुवारी

ललिता डबा घेऊन आली. योजना सांगितली. म्हणजे कागद पुढे सरकवला. वाचून म्हणाली, एवढा उपद्व्याप कशाला, त्र्यंबकेश्वरला जाऊन त्रिपिंडी श्राद्ध करून टाका, सगळे तेच करतात. तिला स्ट्रक्चरल प्रश्न आणि धार्मिक प्रश्न यातला फरक कळत नाही. मी वाद घातला नाही.

भाजीत मीठ कमी होतं. 'हं' म्हणालो. तिने आणखी भाजी वाढली. उज्वलाला माझ्या 'हं'मधला फरक कळायचा. मीठ कमी आहे, पाऊस येणार आहे, तुझा भाऊ मूर्ख आहे, सगळं ती एका 'हं'वरून ओळखायची आणि मग त्यावर तासभर बोलायची. आमचा संवाद उत्तम होता.

२ मार्च

भाची तृप्ती आर्किटेक्ट आहे. कॉलेज रोडला लहानसं ऑफिस. तिच्याकडे गेलो. तिने लॅपटॉपवर फोटो दाखवले. एका माळावरची शाळा, तिची भिंत वाऱ्याच्या दिशेला गोल वळवलेली, म्हणजे धूळ वर्गात येत नाही. एक भाजीबाजार, तिथे आधीपासून बायका जिथे सावलीला बसायच्या तिथेच छत. तृप्तीचं म्हणणं, हल्लीचं चांगलं काम म्हणजे काच आणि चकचकाट नाही. इमारतीने दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची. मी कुठे उभी आहे? आणि मी कोणासाठी आहे?

मी दुसऱ्या प्रश्नावर घरी येईपर्यंत विचार केला. ही शेड कोणासाठी? सगळे म्हणतील, माणसांसाठी. चूक. माणसं काय, कुठेही बसतात. ज्याच्या येण्यावर सगळं अडतं तो खरा ग्राहक.

तृप्तीला मेसेज केला: 'युजर कावळा आहे.'

तिने हसरा चेहरा पाठवला. मग फोन केला. म्हणाली, "मामा, तुम्ही सिरिअस आहात का?" मी हं म्हणालो. मग म्हणाली, असा ब्रीफ मला आजवर कोणी दिला नव्हता.

मला वाटतं माझ्यात या क्षेत्राची उपजत समज आहे. नोकरीच्या गडबडीत लक्षात आलं नाही.

१७ मार्च

अभ्यास दौरा. तृप्ती मला विंचूरकडे एका वायनरीची इमारत दाखवायला घेऊन गेली. अर्धी जमिनीखाली, म्हणून एसीशिवाय गार. तिथला मुरूम भिंतीला लावलेला, लांबून टेकाडच वाटतं. जागेला आणि कामाला धरून बांधलेली. मी हात लावून पाहिलं. खरंच गार.

शेवटी त्यांनी ग्लासात थोडी ओतून विचारलं, कशी वाटते? मी विचार करत होतो. त्यांना वाटलं आवडली नाही, दुसरी ओतली. मी तिचाही विचार केला. असं चार वेळा झालं. परतताना गाडीत मी बरंच बोललो असं तृप्ती सांगते. काय ते सांगत नाही. म्हणाली, मामींबद्दल होतं. शक्य नाही. मी कॉलमच्या अंतराबद्दल विचार करत होतो.

९ एप्रिल

नकाशा आला. सुरेख आहे. पत्रा नाही. छताचा स्लॅब नदीकडे उतरता, खाली तीन बाजू मोकळ्या. पिंड ठेवायचा दगड नदीच्या कडेला एकटा, माणसांपासून लांब. बसायच्या पायऱ्या अशा की सगळ्यांची तोंडं नदीकडे, पुढाऱ्यांकडे कोणाचीच नाहीत. आणि मुख्य गोष्ट, करंजाचं झाड मध्येच येतं, तर तृप्तीने स्लॅबला गोल मोकळी जागा सोडली आहे. झाड छतातून वर जाणार. कावळे आपल्या जागी बसणार, त्यांच्याखाली शेड. इमारतीने झाडाला विचारून जागा घेतली, असं तृप्ती म्हणाली.

कावळ्यांना उतरायला एक दगडी पट्टीही आहे. ती माझी कल्पना. तिने आधीच काढलेली होती, पण माझ्याही मनात तीच होती.

२८ एप्रिल

ग्रामसभा. विषय मांडायचा ठरवून गेलो होतो. भाषण पाठ होतं. तृप्तीनेच मांडला.

सगळ्यांना आवडलं. फक्त पुंजारामने विचारलं, व्हीआयपींनी बोलायचं कुठून? तृप्ती म्हणाली, बोलायची जागा ठेवलेलीच नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग मपल्या दहाव्याला लवकर जेवाया भेटन." ही पुंजारामची आई चिमणाबाई. ठराव पास झाला तो बहुतेक तिच्यामुळे.

विटा एकलहऱ्याच्या राखेच्या. जवळची वस्तू, हलकी, आणि माझ्या एकतीस वर्षांचा संबंध. मी तृप्तीच्या कानात सांगितलं, तिने जाहीर केलं की विटा राखेच्या असतील.

५ मे

अडचण. गावात अशी बातमी पसरली की विटा अमरधामच्या, म्हणजे स्मशानातल्या, राखेच्या आहेत. पुंजाराम माझ्या स्कूटरजवळ आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "नाना, राख लागू द्या, आपलं काय नाय. पण कोणाची हाय ते तरी कळू द्या."

मी खुलासा करणारच होतो की थर्मलमध्ये कोळसा जळतो. सुरुवात कुठून करावी, बॉयलरपासून की खाणीपासून, एवढं ठरवेपर्यंत तो निघून गेला. माझ्या गप्प राहण्याने बातमीला दुजोरा मिळाला असं आता म्हणतात.

१२ मे

तृप्तीने गावातल्या दहा जणांना जीपमध्ये घालून एकलहऱ्याला नेलं आणि राखेचा डोंगर दाखवला. चिमणाबाईने भांडी घासायला पिशवीभर आणली. विषय मिटला. मी शांत राहिलो म्हणून तापला नाही.

२१ जून

पाया झाला. ठेकेदार लखन. तरुण आहे, कामाला वाघ, पण सारखे प्रश्न विचारतो. नाना हे असं का, नाना ते तसं का. मी मान हलवतो. त्याला माझी पद्धत कळायला लागली आहे.

ललिताने विचारलं, दाजी, रात्री झोप लागते का? उत्तम लागते. पलंगाच्या डाव्या बाजूलाच झोपतो कारण पंखा त्या बाजूला आहे.

३ ऑगस्ट

दारणेला पाणी आलं, काम बंद. या काळात युजरचा अभ्यास. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात असं वाचलं. म्हणजे माझा चेहरा त्यांच्या ओळखीचा असला तर वर्षश्राद्धाला फायदा. संकल्प: रोज गावाला जायचं, करंजाखाली उभं राहायचं, शेव टाकायची.

१० ऑगस्ट

चार कुत्री ओळखायला लागली आहेत.

१९ ऑगस्ट

कावळे शेव खातात, पण मी पाठ फिरवल्यावर. लाजाळू आहेत. मला ते समजतं.

सामानाच्या राखणीला ठेवलेली लखनची माणसं लांबून बघत उभी असतात. एकाने दुसऱ्याला सांगितलं, बायको गेल्यापासून असं झालंय. कोणाबद्दल म्हणत होते माहीत नाही. वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

१२ सप्टेंबर

लखनचा फोन आला. मागे काँक्रीट मिक्सरचा आवाज. काहीतरी करंजाचं विचारत होता, अर्धं ऐकू आलं. मी हं म्हणालो. म्हणजे, जरा थांब, तृप्तीला विचारतो.

१३ सप्टेंबर

झाड तोडलं.

१४ सप्टेंबर

लखनचं म्हणणं, मिक्सर लागत नव्हता, झाड मधे येत होतं. "नाना, काढू का म्हणलं, तुम्ही हं म्हणलात." मी त्याला माझ्या 'हं'चा अर्थ समजावून सांगणार होतो. तो समजावून सांगता येत नाही. उज्वलाला मी कधी सांगितला नव्हता, तिला कळायचा.

तृप्तीला फोन केला. ती काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. पंचवीस मिनिटांचा फोन झाला.

१६ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. झाड गेलं ते एका अर्थी बरंच. उतरायचा मार्ग मोकळा झाला. विमानतळावर मध्येच झाड असतं का? ओझरच्या धावपट्टीवर नाही.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष. शेड बघायला गेलो असता एक कावळा मागून आला आणि डोक्यावर टपली मारून गेला. थोडं रक्त आलं. त्यांचं घर पाडताना मी तिथे नव्हतो, तरी चेहरा लक्षात आहे. म्हणजे अभ्यास खरा ठरला. संपर्क प्रस्थापित.

ललिताला सांगितलं. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. म्हणाली, "दाजी, ताईला शिवला नाही, तुम्हालाच शिवला की." मग आंघोळ करायला लावली, असं डोक्याला शिवणं अशुभ म्हणून. उज्वला गेल्यापासून ती एवढी हसलेली पाहिली नव्हती. मला हसू आलं नाही. डोकं दुखत होतं.

१९ ऑक्टोबर

स्लॅब टाकून झाला. लखनने मध्ये गोल मोकळी जागा सोडली आहे. झाड नाही, पण झाडाची जागा आहे. विचारलं तर म्हणाला, "नकाशात गोल व्हता, म्या गोल सोडला." नकाशात झाडही होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं.

तृप्ती महिन्याने साइटवर आली. गोलाखाली उभी राहून वर पाहिलं. म्हणाली, आता हे कशासाठी आहे असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? मी म्हणालो, उजेडासाठी. ती म्हणाली, मामा, तीन बाजू मोकळ्या आहेत, उजेड काय कमी आहे? तरुण पिढी लवकर निराश होते.

६ नोव्हेंबर

लोक गोलाबद्दल विचारतात. पुंजारामने कोणाला तरी सांगितलं की आत्मा जायला वाट ठेवली आहे. ही माझी कल्पना आहे असं गावात पसरलंय. मी खोडून काढलं नाही.

२५ नोव्हेंबर

गुरुजींना फोन करून सांगितलं, उद्घाटन आणि वर्षश्राद्ध एकत्रच, वीस जानेवारी. ते म्हणाले, वीस कशी? तिथीने येतं. पौष शुद्ध दशमी. यंदा नऊ जानेवारीला.

अकरा दिवस कमी. वर्षभराचं सगळं वेळापत्रक मी इंग्रजी तारखेने केलं होतं. वाढदिवसही मी तारखेने धरायचो आणि उज्वला तिथीने. दरवर्षी माझी भेट एक तर आधी पोचायची नाही तर उशिरा. ती म्हणायची, तुमचं नि माझं एकदाही एका दिवशी येत नाही. हे आज उगाच आठवलं. लखनला फोन करून घाई करायला सांगितलं. म्हणजे 'लवकर' म्हणालो. तो हो म्हणाला.

२० डिसेंबर

शेड तयार. अमोलने पुण्याहून संगमरवरी पाटी आणली. 'कै. सौ. उज्वला रंगनाथ यांच्या स्मरणार्थ.' पुंजारामने तिच्या वरच ग्रामपंचायतीची पाटी लावली, अकरा सदस्य, उपसरपंच, आणि 'विशेष सहकार्य' म्हणून त्याचा मेहुणा. उज्वलाचं नाव वाचायला वाकावं लागतं. मी वाकून वाचलं. अक्षर छान आहे.

नदीवरून वारा थेट आत येतो. राखेच्या भिंतीला उन्हातही गारवा. पायऱ्यांवर बसलं की आपोआप पाण्याकडे बघितलं जातं. आपण हुशार आहोत असं लिहिणार होतो, तर लक्षात आलं की तृप्तीच हुशार आहे.

कावळे पलीकडच्या काठावर, बाभळीवर. शेव टाकली. आले नाहीत.

२९ डिसेंबर

चिमणाबाई गेली. झोपेतच. दहावा सात तारखेला येतो, म्हणजे नव्या शेडमधला पहिला विधी तिचा. आपल्या आधी दोन दिवस. याला ट्रायल रन म्हणतात. कोणतीही यंत्रणा थेट लोडवर घेऊ नये. चिमणाबाईने हे एक चांगलं केलं.

असं लिहायला नको होतं. पण लिहिलं.

७ जानेवारी २०२५

चिमणाबाईचा दहावा. पुंजारामने भाषणाला जागा नसताना जागा शोधली. गोलातून खाली उन्हाचा कवडसा पडतो, त्यातच माइक लावला. पुढाऱ्यांना ती जागा एवढी आवडली की प्रत्येक जण उन्हाबरोबर थोडा थोडा सरकत बोलला. शेवटचा बोलेपर्यंत माइक पायऱ्यांवर पोचला होता.

मग पिंड ठेवला. पलीकडे बाभळीवर कावळे. शांत. मी मनात म्हणालो, बघा, शेड नवी असली तरी तेच. थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात पुंजाराम, एवढा आडदांड माणूस, माइक सोडून पुढे गेला, हात जोडले आणि रडत म्हणाला, "माय, तुही म्हैस इकणार नाय. गळ्याची आन हाय. ये आता."

कावळा आला. नदी ओलांडून सरळ आला, आमच्या दगडी पट्टीवर उतरला, आणि तिथून पिंडावर. लोक म्हणाले, म्हातारीचा जीव शेवटपर्यंत म्हशीतच होता.

शेड पास. उतरायची पट्टी बरोबर, दगडाचं अंतर बरोबर, वाऱ्याची दिशा बरोबर. तृप्ती आली होती, तिच्या डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं पट्टीमुळे.

ललिता माझ्याशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "म्हणजे शेडचं काही नव्हतं, दाजी."

८ जानेवारी

तयारी. उद्या दोन शब्द बोलायचेच. सगळं वर्ष डिझाइनवर गेलं, बोलण्याचा भाग तेवढा राहिला आहे. एक वाक्य पुरे. पुंजारामचंही एकच होतं.

मसुदा पहिला: 'तुझ्या सर्व राहिलेल्या इच्छा पूर्ण करण्याची कार्यवाही केली जाईल.' परिपत्रक वाटतं.

मसुदा दुसरा: 'काळजी करू नकोस, मी ठीक आहे.' हे बरं आहे. पण हे मी वर्षभर अमोललाही सांगतो आणि तो दर शनिवारी फोन करतो.

मसुदा तिसरा काढायला बसलो, तर तिची इच्छा काय होती तेच आठवेना. ती एवढं बोलायची. सगळं बोलणं लक्षात आहे, मागणं एकही नाही. म्हैस असती तर सोपं होतं.

दुसरा मसुदा पक्का. पाठ केला. आरशासमोर तीनदा म्हणालो, शेवटच्या वेळी आवाजही आला.

९ जानेवारी, संध्याकाळ

विधी वेळेवर. माइक लावू दिला नाही. म्हणजे मी हात वर केला आणि योगायोगाने त्याच वेळी लाइट गेली.

पिंड ठेवला. सगळे मागे. कावळे बाभळीवर. अमोलने सांगितलं, आई, लग्न ठरलंय, मे महिन्यात. (मला हे तिथेच कळलं. मुलगी चांगली असावी.) कावळे नाही आले. ललिता म्हणाली, ताई, दाजी आता डबा संपवतात. नाही आले. तृप्ती म्हणाली, मामी, तुमची शेड झाली. नाहीच. पुंजाराम रस्त्याचं पुन्हा बोलला. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढून मांडीवर ठेवला.

ललिताने माझ्याकडे पाहिलं. या वेळी काही म्हणाली नाही.

मी पुढे गेलो. पिंडासमोर बसलो. पाठ केलेलं वाक्य आठवत होतं. तोंड उघडलं आणि भलतंच आलं.

"उज्वला, त्या लखनने करंज तोडला गं. मी नुसतं हं म्हणालो, तर तोडलाच."

मग पुढचं सांगणं भागच होतं, नाहीतर तिला कळलं नसतं. लखन कोण ते सांगितलं. गोल का राहिला ते सांगितलं. राखेच्या विटा, आणि गावाला कोणाची राख वाटली ते. पुंजारामने पाटी कशी लावली, वरती मेहुण्याचं नाव कसं आहे. वायनरीत चार ग्लास झाले ते. ललिता मीठ कमी घालते ते (हे जरा हळू). अमोलने लग्नाचं आधी सांगितलं नाही, तुला तरी सांगितलं होतं का, असं विचारलं. कावळ्याने डोकं फोडलं ते दाखवलं. सोसायटीतले शेखरराव लिफ्टमध्ये भेटले की अजून 'वहिनी कशा आहेत' विचारतात आणि मी 'बऱ्या आहेत' म्हणतो, तेही सांगितलं. गॅसचा नंबर तिच्या नावावर आहे, ओटीपी तिच्या फोनवर येतो, म्हणून फोन चार्ज करून ठेवतो. डाव्या बाजूला पंखा नाही, पंखा मध्येच आहे.

बरंच होतं. एकातून एक निघत गेलं.

खांद्यावर हात पडला तेव्हा मागे पाहिलं. पायऱ्या रिकाम्या. पंगत उठायला आली होती. गुरुजी निघून गेले होते. ललिता एकटी उभी होती, नाक लाल. म्हणाली, "दाजी, आता पुरे. एवढं ऐकून ताईसुद्धा म्हणाली असती, जेवून घ्या आधी."

पिंडाकडे पाहिलं. एका बाजूने टोकरलेला होता.

ललिता म्हणते, कावळाच, तिने डोळ्यांनी पाहिला. पुंजाराम म्हणतो, खार होती. अमोल जेवायला बसला होता. तृप्ती म्हणते, काहीतरी पट्टीवरून उतरलं हे नक्की. गुरुजींनी दर्भाचा लावला की नाही, ते फोन उचलत नाहीत.

मी पिंडाच्या समोरच, हातभर अंतरावर होतो. शेड त्यासाठीच बांधली होती. पण मी काही पाहिलं नाही.

मी बोलत होतो.